चढ नसलेला गड

जिथे माती आहे तिथे कधी ना कधी किल्ला असणारच, एवढ्या एका श्रद्धेवर आयुष्य काढणारा माणूस मी जगात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ह्यांच्या ऑफिसात निघाला. मी त्यांना भाऊजी म्हणते. मूळचे साताऱ्याचे, सांता क्लारात सॉफ्टवेअरमध्ये, पण मनाने कायम कुठल्यातरी बुरुजावर उभे. ऑफिसच्या फायर एक्झिटला ते चोरदरवाजा म्हणतात. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, बाकीची मंडळी ग्रीन कार्डाचं रडगाणं गात असली की हे श्रीखंडाच्या पातेल्याभोवती पुऱ्यांचा वेढा घालतात, आणि वेढा उठेपर्यंत कुणाला पुरी मिळत नाही. आमच्या नव्या घरी आले तेव्हा ना हॉल पाहिला ना किचन. दारातच विचारलं, "वहिनी, पाणी कुठे?" मी लगबगीने ग्लास आणला. भाऊजींना नळाला पाणी कुठून येतं ते बघायचं होतं. म्हणाले, "गड उंचीवर ठरत नाही, पाण्यावर ठरतो. बाबांचं वाक्य आहे."

हे बाबा, म्हणजे भाऊजींचे वडील, आमचे काका, त्या वर्षी पहिल्यांदाच अमेरिकेत आले. रिटायर्ड मास्तर. मुलाला बोटाला धरून सह्याद्री पालथा घातलेला माणूस, पण गुडघे गेले आणि त्यांनी गडाचं नावच टाकलं. इथे येऊन नुसते खिडकीशी बसायचे. गोल्डन गेट दाखवला तर म्हणाले, "पूल आहे." भाऊजींचा जीव तुटायचा. काका परत जायच्या आत त्यांना एकदा तरी गडाच्या दारातून आत न्यायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. पण एकही पायरी नसलेला गड आणायचा कुठून?

तर तो त्यांनी शोधला लास वेगासमध्ये. लाँग वीकेंडला आम्ही चौघं निघालो. मी ठेवणीतला ड्रेस घातलेला, आमचे हे बुफेच्या आशेने सकाळपासून उपाशी. भाऊजींनी कसिनोंचा सगळा झगमगाट बाजूला टाकला, आधी एका निवडुंगांच्या बागेतून फिरवलं आणि मग गाडी थांबवली ती कच्च्या विटांच्या एका भिंतीपुढे. वाळवंट तुडवत येणाऱ्यांसाठी कोणे एके काळी बांधलेला किल्ला म्हणे.

"यार, हा किल्ला?" आमचे हे पुटपुटले. मी कोपर मारलं.

काका गाडीतून उतरेचनात. "ह्याला चढ कुठं आहे?"

"नाहीये, बाबा. म्हणून तर आणलं."

"मग गड कसला?"

भाऊजींचा चेहरा असा उतरला की मलाच रडू यायला लागलं. इतक्या लांब ड्राइव्ह करून आणलं आणि काका बसल्या जागेवरून परत जाणार. काकांनी बराच वेळ काचेतून पाहिलं. मग काच खाली केली आणि मास्तरी आवाजात विचारलं, "पाणी?"

भाऊजींनी नुसतं बोट दाखवलं. त्या रखरखाटात भिंतीशेजारून एक बारीकसा ओढा वाहत होता. "ह्या पाण्यामुळे इथे कुरणं होती, बाबा. स्पॅनिशमध्ये वेगास म्हणजे कुरणं."

काका काठी टेकत उतरले.

गडात शिरताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, ही ह्या बापलेकांची रीत. काका वाकायला गेले, पण गुडघे वाकेनात. तेव्हा भाऊजी वाकले, उंबऱ्याची माती बोटांना घेतली आणि बाबांच्या कपाळाला लावली. कुणी काहीच बोललं नाही. "चला," काका म्हणाले, "गप्पा काय मारताय? तट बघायचाय." मग ऊन उतरेपर्यंत त्यांनी ते एवढंसं अंगण आम्हाला असं दाखवलं की माझे पाय दुखले. आमच्या ह्यांचा बुफे हुकला, तरी ते उपाशीपोटी काकांच्या मागोमाग फिरत राहिले.

काका पुन्हा अमेरिकेत आले नाहीत. पुढे साताऱ्यातच वारले. भाऊजी अजून तसेच आहेत, पुऱ्यांचे वेढे घालतात, नळ तपासतात. फक्त कुठल्याही किल्ल्यात शिरताना आता उंबऱ्याला दोनदा हात लावतात. पहिला हात स्वतःच्या कपाळाला जातो. दुसरा थोडा वेळ तसाच वर राहतो.