सुकडीनंतरची तपासणी

चौथीच्या नऊ मुलांपैकी सात भागाकारात नापास. मी शेरापुस्तकात शाईने लिहिलं, 'असमाधानकारक'.

बहात्तरच्या दुष्काळातली, पारनेरकडची ही एकशिक्षकी शाळा. मी विस्तार अधिकारी. गावोगाव सायकल मारून शाळा तपासायच्या, हे माझं काम. लोक मला दिपोटी, म्हणजे डेप्युटी, म्हणत आणि मला ते आवडायचं. चौथी नापास झालेलं पोर तेव्हा परत शाळेत येत नसे. थेट आईबापाबरोबर खडी फोडायला जाई.

शांतवन गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, सुकडी झाल्यावर परीक्षा परत घ्या."

सुकडी म्हणजे दुष्काळात शाळेत वाटला जायचा तो गोड, कोरडा खाऊ.

"सुकडी खाऊन भागाकार येतो का, गुरुजी?"

"घेऊन तर बघा."

त्यांची खोड मोडायची म्हणून परत घेतली. तीच सात नापास. मला बरं वाटलं, हे आज सांगायलाही लाज वाटते.

मग पहिल्या रांगेतल्या हिराच्या ओच्यात गाठ दिसली.

"काय गं ते?"

"सुकडी."

"खाल्ली नाहीस?"

"घरी धाकली दोघं हायती."

सातही जणांकडे पुरचुंड्या निघाल्या. पास झालेली दोघं पाटलांच्या घरची, न्याहारी करून आलेली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी गुरुजींना विचारलं.

"व्हय. मी सांगितलं असतं तर तुमी सबब म्हणला असता."

म्हणालोच असतो.

सुकडी फक्त पटावरच्या मुलांना, असा नियम. मी म्हणालो, "उद्यापासून धाकटी बरोबर आणा. गुरुजी, त्यांची नावं पहिलीत घाला." वय बसत नव्हतं. महिन्याने माझ्या वरच्या साहेबांनी मला नगरला बोलावलं.

"ही चार वर्षांची पोरं पहिलीत कशी?"

"साहेब, पट वाढलाय."

पट वाढवा म्हणून साहेबच वर्षभर आमच्या मानगुटीवर बसले होते. त्यांनी पटावर सही केली.

वार्षिक परीक्षेत सातांपैकी पाच पास झाली. हिरा पाचवीला शेजारच्या गावी गेली. उरलेली दोघं परीक्षेआधीच आईबापामागे नेवाशाकडे कामावर गेली होती. त्यांचं मला काही करता आलं नाही, आणि ते अजून सलतं.

शेरापुस्तकात खाडाखोड चालत नाही. 'असमाधानकारक' तसंच राहिलं. त्याखाली मी एक ओळ घातली: 'मुले उपाशी होती. तपासणाऱ्याने विचारले नाही.' तेव्हापासून कुठल्याही शाळेत माझा पहिला प्रश्न एकच असे, सकाळी काय खाल्लं? भागाकार त्यानंतर.