मोजून घेतलेलं विष

वहिनीचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. माश्या बाहेर पडायच्या आत मधपेट्या गाडीवर चढवायच्या असत. भरलेल्या पेटीला दोन माणसं लागतात. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला मी, तिचा दीर. आपलं टोक तिने कधी आधी टेकवलं नाही. दादा गेल्यापासून घर तिच्याच हातांवर चालत होतं.

तिचा हातमोजा फाटला होता. पेट्यांच्या मालकाकडे दुसरा मागितला, पुन्हा पुन्हा मागितला. तो म्हणाला, "एका माशीनं कोणी मरत नाही."

त्याच आठवड्यात मनगटावर एक माशी डसली. अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, वहिनी कोसळली. मी तिला गाडीत घातलं, तर मालक ओरडतोय, "आधी पेट्या उतरव!" उतरवल्या नाहीत.

थोडक्यात वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कातडीखाली मास्ट नावाच्या पेशी असतात, दारूगोळा भरून बसलेल्या. यांच्या अंगात त्या एवढ्याशा विषानं भडकतात. पण त्याच पेशींवर त्यांना आवर घालणारे ग्राही, म्हणजे लगामासारखे खटकेही असतात. तेच विष अगदी थोडं थोडं वाढवत टोचलं, की शरीर वेगळी प्रतिद्रव्यं बनवतं. ती विषाला धरून त्या ग्राहींना भिडतात आणि पेशीला थोपवतात. मात्र हे दवाखान्यातच, आमच्या नजरेखाली. काही वर्षं लागतील."

मालकाला हसू आवरेना. "विष विकत टोचून घेताय? इथं फुकट मिळतंय की!"

"मालक, तुमच्या माश्यांना मोजून टोचायला शिकवा. तोवर मी दवाखान्यात जाते."

त्याने तिला बरण्या धुवायला बसवलं, कमी मजुरीवर. सुईनंतर दवाखान्यात थांबावं लागे, त्या वेळेची मजुरीही कापली. मला आजही त्याचं तोंड आठवलं की मुठी वळतात. तिने मात्र एक सुई चुकवली नाही.

चौथ्या वर्षी शेडमध्ये शिरलेली माशी तिच्या करंगळीला डसली. डॉक्टरीणबाईंनी जवळ ठेवायला दिलेलं तातडीचं इंजेक्शन हातात धरून मी समोर बसलो. ती श्वास मोजत राहिली. करंगळी टम्म फुगली. बाकी काहीच नाही.

"काम का थांबलंय?" मालक दारातून खेकसला.

"भावजी, ती सुई त्यांना टोचा," वहिनी म्हणाली आणि बरणी उचलली.

एवढ्या वर्षांच्या मजुरीतून तिने तेवढंच विकत घेतलं होतं: करंगळीपुरती सूज.