आपल्या माणसाचे डोळे

त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगला आहे. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे भांडायला येणाऱ्यांचा वेळ वाचेल. चित्रं सुंदर आहेत, पाऊस पडला की चिखलात पावलं उमटतात, लढाया अवघड आहेत पण उगाच छळत नाहीत. पहिल्या भागात नदी म्हणजे निळी चादर अंथरलेली असायची आणि घोडा पायऱ्या चढताना चक्क हवेत तरंगायचा. तरीही दोन्हींतला कुठला ठेवशील असं कुणी मला विचारलं, तर मी त्याला आधी हमरापूरला आमच्या कारखान्यात नेऊन माझ्या दादाशेजारी बसवीन, आणि मग काय ते बोलेन.

कारखाना म्हणजे गणपतीचा. भोंगेवाल्या कंपन्या तिकडे धाटावला, तिथे माझा नवरा शिफ्टला जातो. आमचा कारखाना म्हणजे घरापुढची पत्र्याची शेड, बांबूच्या मांडण्या आणि त्यांवर खालपासून वरपर्यंत पांढऱ्या कच्च्या मूर्ती. लग्न होऊन रोह्याला जाईपर्यंत मी त्या शेडमध्ये अंगाचे रंग मारायचे. दादा आखणी करायचा. आखणी म्हणजे डोळे काढणं. सोंड, दागिने, धोतराचे काठ, पायाची नखं, सगळं होऊन वाळलं की मग सगळ्यात शेवटी डोळे. दादानं बारीक ब्रश उचलला की शेडमध्ये कुणी बोलायचं नाही. रंग फवारायचा कंप्रेसर बंद व्हायचा, बाबा चहाचा कप ओठांशी नेऊन तसाच धरून ठेवायचे. मीसुद्धा गप्प बसायचे, आणि मी गप्प बसणं ही आमच्या घरात बातमी होती.

पहिला भाग आम्ही दोघं त्या शेडच्या माळ्यावर खेळलो. मी कॉलेजात होते. कुणीतरी टाकून द्यायला काढलेला कॉम्प्युटर दादानं आणला होता, त्याच्या कीबोर्डच्या कळांमध्ये आमच्याकडे आल्यावर सोनेरी रंगही गेला. गणपती गेले की कारखान्यात सामसूम, तेव्हा आमचा खेळ चालायचा. शाप लागलेलं राज्य, डोंगरापलीकडचा राक्षस, आणि त्याला मारायला निघालेला, कुणी ओळखत नाही असा एक माणूस. तो माणूस आपण घडवायचा आणि मग त्याला घेऊन ते सगळं जग फिरायचं. आम्ही त्याला कधी नाव दिलं नाही. आपला माणूस म्हणायचो.

घडवायची कामं आम्ही कारखान्यासारखी वाटून घेतली. अंग माझं, डोळे दादाचे. मी नाक धारदार केलं, कानात बाळी घातली, गालावर एक व्रण दिला. मग डोळ्यांची पाळी आली. तिथे आधीपासून नुसते पांढरे गोळे होते. मी माऊस दादाकडे सरकवला तर तो म्हणाला, "आत्ता कुठं गो? आधी बाकीचं होऊंदे. डोळे शेवटी." आणि पुढे जायचं बटण दाबून मोकळा झाला. त्याला वाटलं, शेवटी विचारतील. कोण विचारणार होतं? खेळ सुरू झाला आणि आमचा माणूस पांढरेफटक डोळे घेऊन जंगलात उभा.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बंद कर, पहिल्यापासून घडवू. दादा नाही म्हणाला. "राहूंदे. कच्चा हाय अजून, चालूंदे तसाच." मग तो तसाच चालला. पांढऱ्या डोळ्यांनी त्यानं दलदली ओलांडल्या, लांडगे मारले, एका सरदाराच्या मुलीची अंगठी शोधून दिली. त्या भागात आपल्या माणसाला आवाज नव्हता. लोक बोलायचे, हा नुसता उभा. म्हणून त्याचं बोलणं दादा बोलायचा. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला की दादा खुर्चीत सरसावून म्हणायचा, "मी हमरापूरचा हाय. सीझन तोंडावर आलाय. सोड वाट." मी हसून हसून माळ्यावर लोळायचे आणि खालून आई ओरडायची.

पुढे खूप पुढे, डोंगर ओलांडल्यावर, एका म्हातारीच्या झोपडीत एक आरसा मिळाला. त्यात बघून चेहरा बदलता यायचा. दादानं आधी हात धुतले. खरंच धुतले, साबणानं. मग खुर्ची पुढे ओढून बसला आणि मी गप्प झाले. बाबा कशाला तरी शिडीनं वर येत होते ते अर्ध्या शिडीवरच थांबले. दादानं पापणी ओढली, बुबुळ बसवलं, बाजूचं पांढरं किती ठेवायचं ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. नजर त्यानं जराशी खाली ठेवली. आमच्याकडे तशीच ठेवतात, कारण देव पाटावर असतो आणि आपण खाली बसतो. वर बघणारा गणपती कुणाकडे बघणार, पंख्याकडे?

त्यामुळे झालं असं की आमचा माणूस पुढे राजासमोर उभा राहिला तेव्हा राजाच्या पोटाकडे बघत होता. मी दादाला म्हटलं, बघ, काय करून ठेवलंस. दादा म्हणाला, "राजानं बसावं ना खाली." पण मी खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि वर पडद्याकडे बघितलं, तर तो थेट माझ्याकडे बघत होता. ते मी दादाला सांगितलं नाही. त्याला चढली असती.

आम्ही तो भाग पुरा केला. राक्षस मेला, आमचा माणूस घोड्यावर बसून निघून गेला, आणि पुढे सगळे वाट बघायला लागले. दुसरा भाग येणार, आज येणार, उद्या येणार. तेवढ्यात माझं लग्न झालं, मी रोह्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायला लागले, बाबा गेले. आणि दादाला शुगर निघाली.

त्यानं ती मनावर घेतली नाही. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर साखरेचा चहा, आणि सीझनमध्ये जेवायची वेळ अशी नाहीच. मी फोनवर बडबड बडबड बडबडायचे. तो म्हणायचा, व्हय व्हय. एका वर्षी मी हातभार लावायला म्हणून हमरापूरला आले होते. आमच्यात चुकलेला डोळा वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसतात, वाळला की डाग राहतो. दादाला मी आयुष्यात फार तर चार-दोनदा पुसताना बघितलं असेल. त्या दिवशी तो एकाच मूर्तीचा डोळा काढत होता आणि पुसत होता, काढत होता आणि पुसत होता. कुणी काही बोललं नाही, कारण आखणी चालू होती.

पनवेलला नेलं. शुगरनं डोळ्यांच्या आत रक्त उतरलंय, डॉक्टर म्हणाले. लेझर झालं, इंजेक्शनं झाली, नको नको ते झालं. आता त्याला उजेड कळतो आणि अंधार कळतो. तो साच्यात शाडू दाबतो, ते त्याला हातानं जमतं. आखणीला वहिनी बसते. चांगली करते, तिचं नाव झालंय आता. तिनं ब्रश घेतला की दादा काहीतरी निमित्त काढून बाहेर जाऊन उभा राहतो. मला सगळ्याचाच इतका राग येतो, देवाचा, शुगरचा, त्या साखरेच्या चहाचा, की मी रोह्याला परत येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसते, कुणी बोलायला येऊ नये म्हणून.

आणि अशात दुसरा भाग आला.

बातमी दादानंच दिली, कुठूनतरी फोनवर ऐकून. त्यात म्हणे जुन्या भागातला आपला माणूस पुढे आणता येतो. जुन्या खेळाची फाईल माझ्याकडे होती, मी प्रत्येक नव्या कॉम्प्युटरवर ती उचलून नेली होती. दादा म्हणाला, "आपला माणूस हाय का त्यात, तेवढं बघ. असला तर घेऊन ये." दुसरं काही नको होतं त्याला. राज्य वाचो नाहीतर बुडो. त्याला आपला माणूस एकदा परत भेटायला हवा होता. त्यानं पूर्ण केलेल्या, अजून कुठेतरी असलेल्या आणि विसर्जन न झालेल्या डोळ्यांची ती एकच जोडी होती, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मी काय मूर्ख आहे?

मी एकटीनं उघडून बघितलं नाही. लॅपटॉप साडीच्या घडीत गुंडाळला, पिशवी मांडीवर घेऊन रोह्याहून गाडी पकडली. कासू स्टेशनला एका मावशीनं मासळीची पाटी माझ्या पायाशी ठेवली, तर मी पिशवी छातीशी धरली. मावशी म्हणाली, "पोर हाय काय गो आत?"

शेडमध्ये दादा साच्यापाशी बसला होता, हात शाडूनं भरलेले. वहिनी पलीकडे आखणीला. मी लॅपटॉप पाटावर ठेवला आणि खाली बसले. पहिल्याच मिनिटाला मला तो खेळ आवडेनासा झाला. जुनी फाईल आत घातली, पण खेळायला मिळाला भलताच नवा माणूस, आणि त्याला आवाज होता. जाड, खर्जातला, चालताना बोलतो, मारताना बोलतो, दार उघडलं तरी बोलतो. मी म्हटलं, "हा काय पाल्हाळ लावतोय, मूर्ख." दादा मान कलती करून ऐकत होता. म्हणाला, "बरा हाय की. बोलतो तरी. मला कळतं कुठं हाय ते."

चिखलात वाजणारी पावलं त्याला कळत होती, पूल आला की लाकूड वाजतं ते कळत होतं. पहिल्या भागात यातलं काही नव्हतं. तो भाग त्याला आज कळलाच नसता. म्हणून म्हटलं, दुसरा भाग चांगला आहे. मला तो सहन होत नाही, हा माझा प्रश्न.

मग राजधानी आली. चौकात गर्दी, नगारे, आणि एक दवंडीवाला ओरडत होता, की हाच तो वीर, ज्यानं राक्षस मारला. मध्ये उंच चौथऱ्यावर दगडी पुतळा. मी बटणावरचं बोट काढलं. नाक माझं होतं. कानात बाळी होती, गालावर व्रण होता.

"आपलाच ना?" दादा म्हणाला.

"व्हय, आपलाच. बाळीसकट."

"डोळे आलेत?"

दगडी पुतळ्याला बुबुळं काढत नाहीत, परदेशातले तर नाहीतच, हे मला माहीत आहे. मी कॉम्प्युटर शिकवते, चार चित्रं बघितली आहेत. पण आमच्या शेडमध्ये बसून ते बघताना तो मला कच्चा दिसला, मांडणीवरच्या बाकीच्यांसारखा. डोळ्यांच्या जागी नुसते गुळगुळीत गोळे. खोटं सांगायचं मला सुचलं नाही. "नाय काढलेत," मी म्हटलं.

दादा हसला. "मी केली तीच चूक केली त्यांनी." पलीकडे वहिनीचा ब्रश पाण्यात खळखळून थांबला. "थांबव ते," दादा म्हणाला. "हलत नाय ना? माझं बोट धर."

मी खेळ थांबवला. त्याचं बोट शाडूनं ओलं होतं. ते धरून मी काचेवर उजव्या डोळ्याच्या जागी टेकवलं आणि हात काढून घेतला. कुणी बोललं नाही. कंप्रेसर आधीच बंद होता. दादानं श्वास धरला आणि वरची रेघ ओढली, मग खालची, मग नखाच्या टोकानं बुबुळ, जरासं खाली. करड्या शाडूचा डोळा. मी जमिनीवर बसले होते आणि तो थेट माझ्याकडे बघत होता.

डाव्यासाठी मी पुन्हा त्याचं बोट धरायला गेले, तर म्हणाला, "सोड. अंतर माहीत हाय मला." त्याला माहीत होतं ते कारखान्यातल्या मूर्तीचं अंतर. हात आपोआप तेवढा सरकला. पुतळ्याचं तोंड माझ्या तळव्याएवढंही नव्हतं. डावा डोळा कानापलीकडे निघाला, बाळीच्याही बाहेर, आभाळात. तिथे त्यानं तो सगळा काढला, पापणीसकट, नजर खाली ठेवून. सुरेख काढला.

"जमला?"

"जमला," मी म्हटलं.

तो थांबला. "तू एका शब्दात कधी बोलतेस गो? गेला ना बाहेर?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, लपवून त्याला काय कळणार नव्हतं? "गेला," मी म्हटलं. "पण उजवा बरोबर आहे, दादा. आईशप्पथ. उजवा एकदम बरोबर आहे."

"एक डोळा ठेवत नाय. दोन्ही पूस." त्यानं साच्याशेजारचं ओलं फडकं चाचपून माझ्याकडे धरलं. "पूस बाय, वाळायच्या आत."

मी आधी डावा पुसला. मग उजवा. पुसून होईपर्यंत तो डोळा माझ्याकडे बघत होता.