लाल पेनाने लिहिलेला सहा

आमच्या कामात औषधं संपतात, किस्से संपत नाहीत. मुरुडला घरी गेले की मैत्रिणी म्हणतात, "सांग ना इस्लापूरकडचं काहीतरी!" मग मी हसण्यासारखं निवडून सांगते. आज निवडत बसले नाही.

*

सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन मी परदेशातून थेट इस्लापूरजवळच्या वस्तीवर आले. बॅगेत लॅपटॉप, डोक्यात भाषण. पहिल्याच दिवशी बायका जमवल्या आणि ठणकावून सांगितलं, "आरोग्य हा तुमचा हक्क आहे!"

मग मागून गंगाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "हाव माय. पर त्यो कोन्त्या वारी येतो? सिस्टर मंगळवारी येते."

*

रक्तवाढीच्या गोळ्या कुणीच खात नव्हतं. मी वस्तीच्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आमच्या कौसल्याताईंना घेऊन घरोघर फिरले. गंगाबाईंची सून रुक्मिण गरोदर होती. गोळ्यांची पाकिटं तिने देवळीत नीट रचून ठेवली होती. एकही फोडलेलं नाही!

"अगं, खात का नाहीस?"

"सिस्टर म्हनल्या, उपाशीपोटी घेऊ नको."

"बरोबर आहे."

"मग कवा घेऊ?"

कौसल्याताई मला बाहेर घेऊन आल्या. "म्याडम, पुढच्या घरी हे इचारू नका."

*

सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये वस्तीतल्या सगळ्या गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन दहा होतं. सगळ्यांचं! मी विचारलं, "सिस्टर, हे कसं शक्य आहे?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "सात लिहिलं की नांदेडला पाठवावं लागतं. गाडी न्हाई, सोबतीला मानूस न्हाई. घरीच बाळंत होतात मग. दहा लिहिलं की निदान आपल्या दवाखान्यात तरी येतात. गेल्या साली रुक्मिणच्या जावेला मीच मोकळी केली. तीबी दहाचीच!"

"खोट्या आकड्यांवर न्याय उभा राहत नाही!" मी जवळजवळ ओरडलेच.

कौसल्याताईंनी विचारलं, "टाळ्या वाजवाव्या का, म्याडम?"

*

रुक्मिणचं रक्त मी स्वतः तपासलं. आठवा महिना, हिमोग्लोबिन सहा. कार्डावर लाल पेनाने मोठा सहा लिहिला, भोवती गोल केला.

रुक्मिण कार्डाकडे बघत म्हणाली, "लाल कशाला, म्याडम? माझं काई चुकलं का?"

"तुझं नाही. आता सगळ्यांना तुझ्याकडे बघावंच लागेल."

मी फोनवर फोन करून गाडी मिळवली आणि तिला तालुक्याला नेलं. तिथे लाल आकडा बघून डॉक्टर म्हणाले, "इथं रक्त नाही. नांदेडला न्या." नवरा तेलंगणात कामाला गेलेला. गंगाबाई म्हणाल्या, "सोमवारी त्यो येतो. मग जाऊ." मी मान डोलावली. तो शुक्रवार होता; तीनच दिवसांचा प्रश्न होता.

*

शनिवारी सकाळी कळा सुरू झाल्या. कौसल्याताईंनी तिला जवळच्याच दवाखान्यात नेलं, सिस्टरांच्या. सिस्टर रजेवर होत्या. ड्युटीवरच्या नव्या सिस्टरने कार्ड उघडलं. "सहा? हाय रिस्क! आम्हाला हात लावता येत नाही. पुढं न्या."

"हिच्या जावेची हितंच झाली की!" कौसल्याताई म्हणाल्या.

"तिच्या कार्डावर काय होतं?"

कौसल्याताईंनी गाडीसाठी फोन लावला.

गाडी दीड तासाने आली. तालुक्याच्या दवाखान्यातूनही पुढेच पाठवलं. नांदेडच्या रस्त्यावर, चालत्या गाडीत, मुलगी झाली. रडली. रुक्मिणचा रक्तस्राव थांबला नाही. नांदेड यायच्या आतच ती गेली. जवळच्या दवाखान्यात झाली असती तर वाचली असती का? मला माहीत नाही. मी नांदेडच्या डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, "आकडा कुणी लिहिला होता?" मी म्हटलं, "मी." ते म्हणाले, "बरोबर लिहिला होता."

*

मातामृत्यूचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. गंगाबाईंनी बसायला पोतं अंथरलं, चहा ठेवला. नात त्यांच्या मांडीवर झोपली होती.

'उशीर कुठे झाला' या प्रश्नाखाली तीन रकाने होते. मी वाचून दाखवले. घरी. रस्त्यात. दवाखान्यात.

"घरी मी हाय," त्या म्हणाल्या. "सोमवार म्याच म्हनले. लिवा."

मी लिहिलं.

"रस्त्यात ती गाडी. लिवा. अन् दवाखान्यात त्ये दोनी दवाखाने. त्येबी लिवा."

तेही लिहिलं. त्यांनी नातीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. मग फॉर्मवर वाकून, आपल्याला वाचता येत नाही हे विसरून, तिन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं,

"अन् तुमचं नाव कोन्त्यात येतं, माय?"