पाठ टेकवायला शिकलेला पैलवान

वीरधवलचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. न्यूझीलंडच्या एका डोंगरावरल्या हॉटेलात तो आधी भांडी घासायचा आणि नऊपासून स्नोबोर्ड शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायचा. फळीवर उभं राहून बर्फावरून घसरायचं, ते लोकांना शिकवायचं आणि परीक्षा देऊन प्रशिक्षक व्हायचं, एवढ्यासाठी तो फलटणहून गेला होता.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. बारा वर्षं तालमीत घालवलेली, पाठ टेकली की हार हे अंगात मुरलेलं. तोल गेला की तो हातांवर पडायचा. नवशिक्यांनाही त्यानं तसंच पडून दाखवलं. अशानं मनगटं मोडतील, असं परीक्षकांनी सांगितलं.

वडील आकाराम यांनी फोनवर विचारलं, "पाठ टेकलीस व्हय रं?"

"न्हाई टेकली, आबा. म्हणून तर नापास झालो."

"मग टेक की गड्या. तिथं कोण बघतंय गावातलं?"

पुढचे दोन महिने तो कामानंतर रोज चाळीस वेळा पडला. हनुवटी छातीला, हात पोटाशी, पाठ बर्फावर. खांदे सुजले, पण भांड्यांची एकही पाळी चुकवली नाही. त्या पगारातून त्यानं पुन्हा परीक्षेची फी भरली, परीक्षकांसमोर तीनदा पाठ टेकली आणि पास झाला.