कोपरावरची बोटं

नवरा जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सासरच्या फाटकावर लावायचा ‘प्रथम पुण्यस्मरण’चा फ्लेक्स मीच करायचा, हे मला न विचारताच ठरलं. मी लग्नाआधीपासून ठाण्यात वर्तकनगरच्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करते. “घरची हाय ना ही,” मोठे दीर म्हणाले, “मंग बाहेर कशाला द्यायचा?” मी त्या घरची आहे, हे मला वर्षभरात पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

सासर दिवा स्टेशनजवळच्या गावात. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरावर राबलेली माणसं. आता जमिनीवर इमारती उभ्या आहेत आणि दीर निवडणुकीला उभे राहायच्या बेतात. मिठाचा धंदा गेला तरी जखमेवर ते चोळायची सवय काही गेलेली नाही.

दीर आणि जाऊ स्टुडिओत आले आणि माझ्या खुर्चीच्या दोन बाजूंना बसले. मधोमध नवरा मोठा, खाली ‘शोकाकुल’ म्हणून घरातल्या सगळ्यांची रांग. असा फ्लेक्स करताना प्रत्येक माणूस त्याच्या फोटोतून कापून कॉम्प्युटरवर वेगळ्या लेअरवर, पारदर्शक कागदासारख्या थरावर, ठेवतात, म्हणजे एकाला हात लावला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. माझा फोटो तो जायच्या आधीच्या दिवाळीतला होता. हिरवी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हसतेय. त्यानंतरचा फोटोच नाही. माझा फोटो काढावा असं वर्षभरात कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

जाऊ स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाली, “हिचा रंग काड. नवरा जाऊन वरीस झाला नि ही कुंकू लाऊन हसते. लोकं तोंडात शेन घालतील.”

‘हिचा’ म्हणजे माझाच. मी शेजारीच बसले होते.

“मग मला काढूनच टाका ना,” मी म्हटलं.

“तसा नको,” दीर म्हणाले. “सून नाय दिसली तर लोकं इचारतील. आपण तिला सांभालतो, ता दिसला पायजे.”

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे माझ्याकडूनच फिरवून घेत होते. मी वर एक काळा-पांढरा लेअर टाकला. तो असा टाकला की खालच्या सगळ्यांवर पडतो. एका क्षणात दीर, जाऊ, सासूबाई, पुतणे, सगळे राखेसारखे झाले. जाऊ किंचाळलीच. “आमचा कशाला काडते? आमी काय मेलाव?” खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तो क्षण मी जरा लांबवलाही.

मग कीबोर्डवरचं आल्टचं बटण दाबून दोन लेअरच्या मधल्या रेषेवर क्लिक केलं. असं केलं की वरचा बदल फक्त त्याच्या लगेच खालच्या लेअरला धरून राहतो, आणि तो लेअर माझा होता. बाकीच्यांचे रंग परत आले. जावेची जांभळी पैठणी, दिरांचा भगवा फेटा, सगळं झगमगायला लागलं. त्या रांगेत मी एकटी काळी-पांढरी. वरती गेलेला माणूस रंगीत, खाली जिवंत बाई बेरंग. दीर खूश झाले.

“बास. फक्त तुज्या लेअरला. बाकी कोनाला हात लाऊ नको.”

मी नाही लावला. तेवढंच केलं.

पण नवऱ्याचा फोटो मीच कापला होता. त्याचा चांगला असा एकच फोटो होता, आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाचा. पूजा सांगताना भटजी म्हणतात, बायकोने नवऱ्याच्या हाताला हात लावावा, म्हणजे पुण्य दोघांचं. मी त्याच्या कोपराला चार बोटं लावली होती. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली आणि नवऱ्याने मान वर केली. कापताना मी माझा चेहरा काढला, खांदा काढला, शालू काढला. बोटं आणि दोन हिरव्या बांगड्या ठेवल्या. विसरले नव्हते. त्याच्या बाहीच्या सुरकुत्यांत त्या दीर-जावेला दिसल्या नाहीत, आणि मी दाखवल्या नाहीत.

वर्षश्राद्धाच्या सकाळी फ्लेक्स फाटकावर चढला. पाहुणे यायचे होते. सासूबाई बाहेर येऊन लेकाकडे बघत उभ्या राहिल्या. डोळ्यांनी अधू बाई, पण मोठा फ्लेक्स म्हटल्यावर बोटंही केवढी मोठी झाली होती.

“ह्यो हात कोनाचा?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “खाल्लास ना त्याला? आता तरी सोड. काड तो हात माज्या पोराच्या आंगावरना.”

वर्षभर हे शब्द भिंतीपलीकडून ऐकले होते. तोंडावर पहिल्यांदाच आले. मला रडू आलं नाही, राग आला. दीर म्हणाले, वरून टेप मारतो. सासूबाई म्हणाल्या, “नाय. हिनाच ठेवलाय, हिनाच काडायचा.”

जावेने शिडी धरली. माझ्या पर्समध्ये कटर असतो, अल्बमची पानं कापायचा. पांढऱ्या साडीचा पदर खोचून मी वर चढले. इतक्या जवळून तो नुसते ठिपके ठिपके दिसत होता, चेहरा असा नव्हताच. मी कटर टेकवला आणि बोटांच्या कडेकडेने कापत नेला. तुकडा सुटून माझ्या तळहातावर आला आणि त्याच्या कोपराच्या जागी भोक पडलं. त्यातून फाटकाच्या कमानीचा गिलावा दिसायला लागला.

खालून सासूबाईंनी हंबरडा फोडला. “आगो मेले, त्याचा हात कापलास! तुजाच काडायचा व्हता ना!”

मी खाली वाकून त्यांच्याकडे पाहिलं.

“वेगळा निघत नाही, आई. आम्ही दोघं एकाच लेअरवर आहोत.”