चौदा चार्जर आणि एक थंड गॅरेज

आमच्या मँचेस्टरच्या ग्रुपमध्ये कोणी नवीन वस्तू घेतली की वस्तू एकदाच येते, किस्से मात्र वर्षभर येत राहतात. वॉशिंग मशीनचे संपले की बॉयलरचे सुरू! सध्या आमच्या चार्जरची पाळी आहे.

माझी बायको वैशाली डिस्ट्रिक्ट नर्स. सकाळी साडेसहाला गाडी घेऊन निघते आणि घरोघरी जाऊन म्हाताऱ्या पेशंट्सना इन्सुलिन देते. ऑगस्टमध्ये आम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "थंडी पडायच्या आत गॅरेजमध्ये चार्जर लावून देतो!" गॅरेज घराच्या मागे, सुटं, विटांचं आणि हिवाळ्यात गारठलेलं. चार्जर तेवढा नीट निवडायला हवा होता.

* * *

पहिला धावून आला मंदार. हा पुण्याचा, डेटा अ‍ॅनालिस्ट. दोन दिवसांत त्याची एक्सेल शीट आली. चौदा चार्जर, बावीस कॉलम. केबलची लांबी, वॉरंटी, किती थंडीपर्यंत चालतो, सगळं. शेवटच्या कॉलमचं नाव होतं 'पुण्यात सर्व्हिस सेंटर'.

"अरे, तो भिंतीला लावायचाय. पुण्याला कशाला जाईल?"

"माहितीये रे. पण तो कॉलम नसला की मला करमत नाही."

"तुझ्या घरी कुठला आहे?"

"माझी गाडी पेट्रोलची. इलेक्ट्रिकचा अभ्यास चालू आहे, चार वर्षं झाली!"

* * *

मग मंदारला गॅरेजचा डेटा हवा झाला. "आठवडाभर सकाळचं टेम्परेचर घे," म्हणाला. आमच्या घरात थर्मामीटर एकच, ताप मोजायचा. तो घेऊन मी सकाळी गॅरेजच्या भिंतीला टेकवून उभा. त्यावर 'लो' आलं. दुसऱ्या दिवशी 'लो'. तिसऱ्या दिवशीही 'लो'. मंदारने तिन्ही नोंदी शीटमध्ये भरल्या आणि म्हणाला, "बघ, किती कन्सिस्टंट आहे!"

त्यातच नाशिकहून आईचा व्हिडिओ कॉल आला. हातात थर्मामीटर पाहून तिने विचारलं, "कोणाला ताप आलाय रे?"

"गॅरेजला!" मी गमतीने म्हणालो.

आई हसली आणि ही गंमत तिने सगळ्या खानदानात वाटली. रविवारी मावशीचा मेसेज आला: 'गॅरेजला आता कसं आहे? काढा दे.'

* * *

पुढचा प्रश्न केबलचा. चार्जरला कायमची जोडलेली घ्यायची, की सुटी, वापरून झाली की गुंडाळून ठेवायची? मला आणि मंदारला सुटी आवडली. दिसायला नीटनेटकी.

हे ऐकून मेश्रामकाका आले. काका मूळचे नागपूरचे, आयुष्यभर वीज मंडळात इंजिनिअर, निवृत्तीनंतर इथे मुलाकडे. पण घरात कमी, लोकांच्या फ्यूजबॉक्ससमोर जास्त. "काहून बापा, सकाळी सहाला ही केबल गुंडाळणार कोण?"

"वैशाली," मी म्हणालो.

"तिला विचारलं का?"

काकांनी कुणाकडून तरी एक सुटी केबल आणली, आमच्या फ्रीझरमधले मटार, खोवलेला नारळ आणि भेंडी बाहेर काढली आणि केबल आत कोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वैशालीच्या हातात दिली. "गुंडाळ पोरी."

तिने दोनदा जोर लावला. केबल काही वाकेना. "काका, हिला आधी फिजिओथेरपी लागेल," म्हणाली आणि ड्युटीवर गेली. भेंडी बाहेरच राहिली होती, म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी भेंडीच खाल्ली.

* * *

ऑक्टोबरअखेर आम्ही चौदावरून तीनवर आलो. एका कंपनीला भिंतीचे फोटो पाठवले. उत्तर आलं: 'कृपया गाडी गॅरेजमध्ये उभी करून फोटो पाठवा.'

आमचं गॅरेज सहा वर्षं इथल्या मराठी मंडळाचं गोडाऊन आहे! गणपतीचं मखर, काकांच्या आंबेडकर जयंतीचा स्टेज, साठ खुर्च्या आणि पोह्यांचं मोठं पातेलं, सगळं एका ताडपत्रीखाली. गाडी सोडा, आत सायकलसुद्धा शिरत नव्हती. दोन महिने आम्ही त्या ताडपत्रीला वळसा घालून भिंत मोजत होतो.

मंदारने शांतपणे लॅपटॉप उघडला आणि तेविसावा कॉलम टाकला: 'गाडी आत जाते का.'

* * *

नोव्हेंबरात एका संध्याकाळी मी सुपरमार्केटला दूध आणायला गेलो, तर तिथल्या चार्जिंग पॉइंटला आमची गाडी. आत वैशाली, कोट आणि हातमोजे घालून, डब्यातले गार पोहे खात बसलेली. थंडीत चार्ज लवकर उतरतो, म्हणून ती एक दिवसाआड ड्युटीवरून थेट इथे येत होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

"हीटर तरी लाव," मी म्हणालो.

"लावला तर इथे आणखी बसावं लागतं. उद्या पहिला पेशंट साडेसातला आहे. त्याला इन्सुलिन मिळाल्याशिवाय नाश्ता करता येत नाही."

"आता फक्त तीनच उरलेत गं," मी म्हणालो आणि म्हणता म्हणताच मला स्वतःची लाज वाटली. तिने पोह्यांचा डबा माझ्यापुढे केला.

* * *

पुढच्या शनिवारी मी, मंदार आणि काका गॅरेज रिकामं करायला लागलो. साडेदहाच्या सुमारास पुढे कुठेतरी ड्रिलचा आवाज सुरू झाला. "शेजाऱ्याला बरोबर शनिवारचाच मुहूर्त सापडतो," मंदार करवादला. मग गॅरेजमधले दिवे गेले.

"फ्यूजबॉक्स बघून येतो," काका म्हणाले.

"थांबा काका, आधी लिस्ट पूर्ण करू!" मंदारने मोबाईलचा टॉर्च लावला. त्या उजेडात आम्ही साठ खुर्च्या बाहेर काढल्या, भिंत पुन्हा मोजली, खडूने फुली मारली आणि तिघांच्या मतांनी एक चार्जर नक्की केला. तेवढ्यात दिवे आले. तिघेही खूश होऊन वैशालीला सांगायला पुढे गेलो.

घरासमोर एक माणूस व्हॅनमध्ये शिडी ठेवत होता. पुढच्या दाराशेजारी भिंतीवर चार्जर. त्याच्यापासून निघालेली केबल थेट गाडीत. वैशाली त्या माणसाला चहाचा कप देत होती.

"हा माझ्या साडेसातच्या पेशंटचा मुलगा," ती म्हणाली. "इलेक्ट्रिशियन आहे."

मंदारने खिशातून पेन काढलं. "वहिनी, कुठला घेतलात?"

वैशालीने वळून भिंतीकडे पाहिलं.

"पांढरा."